घरच्या माणसाची दोन मिनिटं

धनाजीनं घंटीची दोरी इतक्या जोरात ओढली की ती तुटून त्याच्या हातात आली. गाडी जागची हलली नाही. ड्रायव्हर श्रीमंतनं आरशातून मागं पाहिलं.

"काय झालं, मास्तर?"

"काय न्हाय. चला."

झालं होतं ते एवढंच. तेरच्या स्टँडवर चढलेल्या एका माणसानं गाडी सुटायच्या आधी पेढ्यांचा पुडा फिरवायला घेतला आणि पहिला पेढा, रीतीप्रमाणं, कंडक्टरच्या हातावर ठेवला. गावच्या आण्णासाहेबांच्या पोराचं, दिग्विजयचं, नाव पुण्याच्या त्या कॉलेजात लागलं, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. अख्ख्या राज्यातून एकशेवीस पोरं घेतात. शिकवणं, राहणं, खाणं, सगळं तेच बघतात. अन् त्या एकशेवीसात आपला दिग्विजय!

धनाजीनं पेढा आधीच तोंडात टाकला होता. आता तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

त्याच कॉलेजात त्याच्या प्रतीक्षानं अर्ज केला होता. नकार येऊन आठ दिवस झाले होते. प्रतीक्षाला बारावीला त्र्याण्णव टक्के, दिग्विजयला एकाहत्तर. दोघं धाराशिवच्या एकाच ज्युनिअर कॉलेजात, एकाच वर्गात. नकार आला तेव्हा धनाजीनं स्वतःची समजूत घातली होती की बाबा, मोठ्या शहरातली मोठी पोरं असतील, अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णववाली, आपली कमी पडली. आठ दिवस तो या समजुतीच्या आधारानं जेवला होता, झोपला होता. पेढ्यानं ती एका घासात संपवली.

"मास्तर, एक ढोकी द्या," कुणीतरी म्हणालं.

"थांबा की! पळून चाललीया का ढोकी?"

पेढेवाल्यानं पुडा पिशवीत ठेवला.

धाराशिवला गाडी लागल्यावर धनाजीनं आगारातल्या विश्रांतीच्या खोलीत जाऊन कॉलेजचा नंबर फिरवला. पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला. इतका गोड, की भांडायला तो कुठून धरावा हे कळू नये.

"सर, आमच्याकडे समग्र मूल्यमापन होतं."

"म्हंजे काय होतं?"

"म्हणजे आम्ही फक्त मार्क पाहत नाही. विद्यार्थ्याकडे पूर्ण माणूस म्हणून पाहतो."

"मंग माझी पोरगी काय अर्धी दिसली तुमाला?"

"सर, निर्णय अंतिम असतो. पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज करू शकते. आणखी काही मदत करू का?"

अजून तरी एकही मदत झालेली नसताना आणखीची भाषा ऐकून धनाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं फोन बंद केला. खोलीत डबे सोडून बसलेल्या चार-पाच जणांनी मग आपापली भर घातली. कुणाच्या साडूचा मुलगा अठ्ठ्याण्णव टक्के घेऊन बाहेर राहिला होता. कुठल्याशा गावची साठ टक्क्यांची मुलगी आत गेली होती. ती म्हणे मुलाखतीत गोधडीवर बोलली. का घेतात, का नाही घेत, याचा पत्ता कुणालाच नव्हता, पण आण्णासाहेबांनी वजन वापरलं असणार यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

"आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय," धनाजी म्हणाला आणि डबा न उघडताच उठला.

दुसऱ्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. खाकी सोडून पांढरा शर्ट घालून तो तेरला गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या गाडीत प्रवासी म्हणून बसला होता, आणि त्याचाही त्याला राग येत होता. पोरीला काय पाहिजे होतं? तिच्या आजोबांची, म्हणजे धनाजीच्या वडिलांची, चाळीस मेंढरं एका पावसाळ्यात आठ दिवसांत पटापट मेली. कशानं मेली ते कुणाला सांगता आलं नाही. सातवीतल्या पोरीनं ते पाहिलं आणि तेव्हापासून एकच धोशा लावला की हे रोग कुठून येतात ते मला शिकायचंय. ते शिक्षण त्या कॉलेजात होतं. तिथल्या प्रयोगशाळेचे फोटो तिनं फोनमध्ये लावून ठेवले होते. आणि तिथं आता कोण जाणार, तर ज्याला मेंढीला किती सड असतात हेही धड माहीत नसेल तो.

आण्णासाहेब अंगणात ट्रॅक्टरचं चाक उघडून बसलेल्या मिस्त्रीला हुकूम सोडत उभे होते. साठीचे, भरदार, तेरला ज्यांच्यावाचून कुठली सभा होत नाही असे. धनाजीला त्यांनी गाडीतला मास्तर म्हणून लगेच ओळखलं.

"या मास्तर, या! द्वारकाबाई, च्या टाका."

"च्या प्यायला आलो न्हाय, आण्णासाहेब. एकच इचारायचंय. तिथं कुणाला धरलंत?"

मिस्त्रीचा पाना थांबला. आण्णासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी खुर्ची ओढली, धनाजीला बसवलं आणि स्वतः ओट्याच्या कडेला बसले.

"खोटं कशाला बोलू? धरणार होतो. दोनदा जाऊन आलो पुण्याला. एकदा तर मोठ्या माणसाची चिठ्ठी घेऊन गेलो. त्यांनी मला थंड पाणी दिलं आन् चिठ्ठी तशीच परत दिली. तिथं धरायला मुठीत काय गावतच न्हाय, मास्तर. म्या हात टेकून घरी येऊन बसलो, आन् हे पोरगं निवडलं गेलं! याला एकाहत्तर टक्के. पास झाला म्हणून आमी नारळ फोडला होता. कसं झालं म्हणून इचाराल तर देवाची शपथ, मला ठाव न्हाय."

धनाजी त्यांच्याकडे रोखून पाहत राहिला. माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. राग ठेवायला जागा मिळाली असती.

दिग्विजय आतून चहा घेऊन आला. उंच, लाजरा पोरगा. धनाजीला पाहून तो दारातच अडखळला आणि चहा बशीत सांडला.

"काका, प्रतीक्षाचं व्हायला पाहिजे होतं," तो खाली बघत म्हणाला. "मुलाखतीला आम्ही सहा जण एकत्र होतो. मला तर नुसता घाम फुटला होता. ती एकटीच बोलली. समोरच्या मॅडम लिहायचं सोडून ऐकत बसल्या होत्या. बाहेर आल्यावर आम्ही सगळे म्हणालो, हिचं पक्कं."

"मंग कशावर अडलं?"

दिग्विजयनं खिशातून फोन काढला. "चार गोष्टी बघतात, काका. हा कागद सगळ्यांना मेलवर आलाय. गुण, परीक्षा, मुलाखत आणि घरचा आवाज. चारीत पास व्हावं लागतं. माझं पहिल्या तिन्हीत नुसतं 'समाधानकारक' आहे. चौथ्यात 'अत्युत्तम'."

"घरचा आवाज?"

"ते नव्हतं का, घरच्या मोठ्या माणसानं आपल्या मुलाबद्दल दोन मिनिटं बोलायचं. रेकॉर्ड करून पाठवायचं."

"म्याच बोललो," आण्णासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान आणि शरम दोन्ही होती. "दोन मिनिटं म्हणाले होते, सव्वादोन झाली. माईक दिसला की आपल्याला राहवत न्हाय. वाघ हाय म्हणालो पोरगं. जिल्ह्याचं नाव काढील म्हणालो. याच्या शिक्षणासाठी अर्धं रान इकीन म्हणालो. तोंडानं बोलायला काय जातंय? तुमच्याकडून कोण बोललं, मास्तर?"

"म्याच."

"काय बोललात?"

धनाजीनं चहाची कपबशी ओट्यावर ठेवली. "पोरीला शाळेच्या मास्तरांच्या हवाली करताना जे बोलतात ते."

दारात उभ्या असलेल्या द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

परतीच्या गाडीत धनाजीला त्याचे वडील आठवत राहिले. सिदू धनगर म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेला मेंढपाळ. मेंढरांच्या वाड्याशेजारून जाणाऱ्या कुणी विचारलं, किती मेंढरं हायती गा? की दीडशे मेंढरांत उभा राहून तो सांगायचा, हायती चार-दोन. कळपातलं सगळ्यात देखणं कोकरू असेल, त्याला तो मरतुकडं म्हणायचा. लंगडं, रोगट, आज हाय उद्या न्हाय असलं. परक्यापुढं तर हटकून. चांगल्याला चांगलं म्हटलं की त्याला कुणाची तरी नजर लागते, हे त्यानं धनाजीला काठी धरायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं. धनाजीनं मेंढरं सोडली, खाकी घातली, मशीनवर तिकीट काढायला शिकला. ही एक गोष्ट मात्र त्याच्या जिभेवरून गेली नव्हती. प्रतीक्षा पहिली आली की पेढे न वाटता तो मीठ-मिरची ओवाळून टाकायचा. गाडीत कुणी विचारलं, मास्तर, पोरगी काय करती? की म्हणायचा, काय न्हाय ओ, बिनकामाची हाय.

येडशीला उतरून तो घरी आला तेव्हा प्रतीक्षा उंबऱ्याशी बसून धाराशिवच्या कॉलेजचा बी.एस्सी.चा फॉर्म भरत होती. आत शिवगंगा, त्याची बायको, भाकरी थापत होती.

"कागद काढ," धनाजी म्हणाला.

"कुठला, आप्पा?"

"चार गोष्टींचा. मेलवर आलेला."

आतली थपथप थांबली. प्रतीक्षानं पेनाला टोपण लावलं. मग फोन उघडून त्याच्या हातात दिला.

गुण, उत्तम. परीक्षा, उत्तम. मुलाखत, अत्युत्तम. घरचा आवाज, अपात्र. खाली दोन ओळी होत्या. धनाजीनं त्या मोठ्यानं वाचल्या, पहिलीतलं पोर वाचतं तसं एकेक शब्द सुटा करून.

"कुटुंब मुलीच्या उच्च शिक्षणाच्या विरोधात असल्याचे स्पष्ट दिसते. लवकर विवाहाची शक्यता असून विद्यार्थिनी शिक्षण अर्ध्यात सोडेल असा अंदाज आहे."

"कोण इरोधात?" तो ओरडला. "कोण इरोधात हाय? दोन वर्सं पहाटं चारला उठून क्लासच्या गाडीला कुणी सोडलं तुला? रात्रपाळी मागून घेतली ती कुणासाठी? लगीन? सोयरीक घेऊन आलेल्या तुझ्या मामाला ह्या दारातनं हाकलला म्या! आन् हे तिथं बसून अंदाज बांधत्यात? कोण हायती हे?"

"आप्पा, ऐका."

"काय ऐकू?"

तिनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि एका ठिकाणी बोट लावलं. आधी गाडीचा हॉर्न आला, मग आगारातली कालवाकालव, मग धनाजीचा स्वतःचा आवाज. परक्यासारखा, दबलेला, साहेबांपुढं उभा असल्यासारखा.

"नमस्कार. म्या धनाजी सिदू, प्रतीक्षाचा बाप. पोरगी काय इशेष न्हाय, साहेब. डोक्यानं बेताचीच हाय. अंगानं मरतुकडी. घरात एक काम धड येत न्हाय तिला. आमी तर म्हणलं होतं, कशाला एवढं शिकायचं, तिथं टिकायची न्हाय ही. आता आलीच हाय तुमच्या दाराला तर पदरात घ्या. न्हाय जमलं तर सांगा, घिऊन येतो, लगीन लावून टाकतो. मारा, झोडा, आमी इचारायला येणार न्हाय."

मग बराच वेळ नुसती आगारातली गडबड. कुणीतरी लातूर गाडीची घोषणा केली. धनाजीला वाटलं संपलं. पण आवाज पुन्हा आला, पहिल्यापेक्षा हळू.

"तिला उशाला पाण्याचा तांब्या लागतो. तेवढा ठिवा म्हणावं कुणाला तरी."

एवढ्यावर ते थांबलं.

घरच्या माणसाचा खरा आवाज आम्हाला ऐकायचाय, असं त्या कॉलेजनं माहितीपत्रकावर ठळक अक्षरात छापलं होतं. खरा आवाज गेला. पुण्यातल्या टेकडीवरच्या गार खोलीत बसून शहाण्यासुरत्या माणसांनी तो ऐकला, त्यातला शब्द न् शब्द टिपून घेतला आणि शेवटच्या वाक्याशी येईपर्यंत बहुतेक पुढच्या पोराची फाईल उघडली.

"हे तू असंच पाठिवलंस?" धनाजीनं विचारलं.

"व्हय."

"तुला कळत न्हवतं? एवढी शिकलेली तू! म्हणायचं, आप्पा, हे चालत न्हाय, परत बोला. पुसून टाकायचं! भांडायचं माझ्यासंगं!"

"मी चार वेळा ऐकलं, आप्पा."

"मंग?"

प्रतीक्षानं खाली बघितलं. फॉर्मवर तिच्या नावापुढं शाईचा ठिपका पडला होता, तो ती बोटानं पुसत राहिली.

"आजोबा चांगल्या कोकराला असंच म्हणायचे ना. तुम्ही मला एवढं वाईट कधीच म्हणाला नव्हता. मला लई चांगलं वाटलं." ठिपका आणखीच पसरला. "मला वाटलं, ऐकणाऱ्याला कळंल."

धनाजी वळून अंगणात गेला आणि तिथल्या बादलीला त्यानं अशी लाथ घातली की ती गडगडत पाण्याच्या दगडी डोणीवर जाऊन आपटली.

"बादलीनं काय केलंय तुमचं?" शिवगंगा आतून म्हणाली. पण तिचा आवाज रडवेला होता आणि ती बाहेर आली नाही.

जुलैच्या मध्याला प्रतीक्षाचं बी.एस्सी. सुरू झालं. सकाळच्या धाराशिव गाडीवर त्या आठवड्यात धनाजीचीच ड्यूटी होती. गाडी येडशीच्या स्टँडवर उभी होती आणि सुटायला पाच मिनिटं होती. प्रतीक्षा कंडक्टरच्या मागच्या सीटवर नवं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. इतक्या दिवसांत दोघं त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. धनाजी कामावर जायचा, घरी यायचा, आणि प्रवाशांशी इतका तुसडेपणानं वागायचा की श्रीमंतनं दोनदा त्याला कोपऱ्यात घेऊन समजावलं होतं.

दगडाबाई नावाची ओळखीची म्हातारी वांग्यांची पाटी घेऊन चढली. दर बाजारच्या दिवशी ती असायची. पाटी पायाशी सरकवून ती प्रतीक्षाशेजारी टेकली, तिला निरखून पाहिलं आणि धनाजीला म्हणाली,

"ही तुमचीच का ओ, मास्तर? केवढी झाली! काय करती आता?"

"काय न्हाय ओ..." धनाजीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

तो तिथंच थांबला. तिकिटाच्या मशीनवरची बोटं थांबली. प्रतीक्षा खिडकीबाहेर बघत होती. रामलिंगाच्या दर्शनाला चाललेल्या लोकांची एक जीप वळत होती, तिच्याकडं.

"हुशार हाय," तो म्हणाला.

म्हातारीला नीट ऐकू आलं नसावं. तिनं कानाशी हात नेला. आणि धनाजीचा इतक्या दिवसांचा राग त्या हातावर फुटला.

"हुशार हाय म्हणलं! माझी पोरगी हुशार हाय! त्र्याण्णव टक्के हायती तिला. आमच्या घराण्यात असलं डोकं कुणाला न्हवतं. तिचा आजा मेंढरं राखून मेला, म्या तिकिटं फाडतोय. आन् ही रोगाचं मूळ काढणार हाय, मूळ! लगीन-बिगीन काय न्हाय. धा वर्सं शिकू दे न्हायतर वीस. म्या हाय मागं. कुणाला काय अडचण हाय का?"

शेवटचं वाक्य त्यानं सबंध गाडीकडं बघून म्हटलं. कुणाला काही अडचण नव्हती. मागच्या बाकावरच्या पोरानं कानातल्या वायरी काढल्या होत्या.

"अगं बया!" दगडाबाई घाबरून गेली. "असं भर गाडीत बोलू नये मास्तर, बापाचीच नजर लागंल लेकराला." आणि तिनं घाईघाईनं प्रतीक्षाच्या चेहऱ्यावरून हात उतरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

धनाजीच्या कपाळावर घाम आला होता. बोललेलं परत घ्यावं की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं मान वळवून पोरीकडं पाहिलं.

प्रतीक्षानं दप्तरातून फोन काढला होता. तिचे डोळे भरलेले होते, पण तोंड रागानं घट्ट मिटलेलं होतं. बापाचंच तोंड. तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

"परत बोला, आप्पा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीसाठी. ह्या वेळी त्यांना कळंल असं बोला. दोन मिनिटं."

धनाजीनं टोपी काढली, पुन्हा घातली. त्यानं घसा खाकरला. गाडीची वेळ होऊन गेली होती. पुढं श्रीमंतनं आरशातून एकदा मागं पाहिलं आणि कुणी काही सांगायच्या आधीच इंजिन बंद केलं.